मंदीत धंदा तगवायचा तर आधी तेरा आठवडे मांडा

माझ्या वडिलांचा छापखाना ज्या आठवड्यात बंद पडला, त्या आठवड्यात फळ्यावर पुढच्या तीन महिन्यांची कामं खडूने लिहिलेली होती. मी तेव्हा कॉलेजात होते आणि संध्याकाळी त्यांच्या वह्या लिहायला बसायचे. नफा-तोट्याचं पत्रक मीच काढलं होतं आणि त्यात नफा दिसत होता. पण शुक्रवारी कागदाच्या व्यापाऱ्याला द्यायचे पैसे बँकेत नव्हते. त्याने पुढची रिमं पाठवली नाहीत. कागद नाही म्हणून मशीन थांबलं, मशीन थांबलं म्हणून अर्धवट कामांची बिलं निघेनात, बिलं निघेनात म्हणून पगार अडले. नऊ दिवसांत सगळं आटोपलं. सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाकडचं येणं पुढे आलं, अगदी पूर्ण आलं. पण सात आठवड्यांनी.

तेव्हापासून मी छोट्या व्यवसायांचे हिशेब सांभाळते. सुतारकाम, शिवणकाम, दुरुस्ती, छपाई, सुटे भाग बनवणारे, दोन माणसांचे आणि तीस माणसांचेही. २००८ ची मंदी आणि २०२० ची टाळेबंदी या दोन्ही वेळा मी त्यांच्या टेबलापाशी बसलेली होते. वाईट काळ आला की माणसं आधी विक्रीकडे धावतात, मग खर्चाकडे आणि रोकडीकडे सर्वांत शेवटी वळतात. मी हा क्रम उलटा करायला सांगते. खात्यावर तोटा दिसत असतानाही धंदा काही महिने चालू शकतो. देण्याच्या दिवशी हातात पैसा नसेल, तर नफ्यातला धंदाही त्याच दिवशी थांबतो.

तेरा रकान्यांचा कागद

आज संध्याकाळी एक मोठा कागद घ्या, आडवा ठेवा आणि त्यावर तेरा उभे रकाने आखा. एक रकाना म्हणजे एक आठवडा. तेरा अशासाठी की तेरा आठवड्यांत एक तिमाही येते, आणि तीन महिन्यांतून एकदा येणारे खर्च, म्हणजे कराचा भरणा, विम्याचा हप्ता, यंत्राच्या देखभालीचं बिल, हे महिन्याच्या हिशेबात हमखास निसटतात.

पहिल्या ओळीत आज बँकेत आणि गल्ल्यात मिळून खरोखर किती आहे ते लिहा. त्याखाली येणारे पैसे आणि त्याखाली जाणारे. सगळ्यांत खाली आठवड्याअखेरची शिल्लक, आणि तीच पुढच्या रकान्याची सुरुवात.

येणाऱ्या पैशांच्या ओळीत बहुतेकजण चुकतात. बिलावर ‘३० दिवस’ छापलेलं असतं म्हणून ते पैसे पाचव्या आठवड्यात लिहितात. असं करू नका. त्या गिऱ्हाइकाची मागची सहा बिलं काढा आणि पैसे प्रत्यक्ष किती दिवसांनी आले ते मोजा. बावन्न दिवस लागत असतील तर आठव्या आठवड्यात लिहा. ज्याने अजून शब्दही दिलेला नाही, त्याचे पैसे या कागदावर आणूच नका.

जाणाऱ्या पैशांत पगार, भाडं, वीज, हप्ते, माल, कर आणि तुमच्या घरखर्चासाठी काढायची रक्कम. ही शेवटची ओळ लोक गाळतात, कारण ‘घरचं काय, बघू’ असं म्हणायची सवय असते. पण घर त्याच गल्ल्यातून चालतं. आकडा ठरवून लिहा आणि तेवढाच काढा. गिऱ्हाइकाकडून सरकारसाठी गोळा केलेला कर तुमचा नाही, तो वेगळ्या खात्यात टाका. अडचणीत सगळ्यांत आधी हात जातो तो त्या पैशांवर, आणि पुढे तोच दंड-व्याजासकट मानगुटीवर बसतो.

आता ज्या आठवड्यात खालची शिल्लक शून्याखाली जाते, तिथे लाल पेन्सिलीने गोल करा. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा चेहरा या गोलाकडे बघून उतरतो. मी त्यांना सांगते की हा गोल नवव्या आठवड्यात आहे, म्हणजे तुमच्याकडे आठ आठवडे आहेत. माझ्या वडिलांना चार दिवस मिळाले होते.

दर सोमवारी सकाळी गेल्या आठवड्याचा अंदाज आणि प्रत्यक्षातला आकडा शेजारी शेजारी लिहायचा आणि शेवटी एक नवा रकाना जोडायचा. अर्ध्या तासाचं काम आहे. पहिले तीन-चार आठवडे अंदाज बरेच चुकतील. चुकू देत. दोन महिन्यांत तुमचा हात बसतो.

पैसा कुठे अडकून पडतो

समजा कच्चा माल आणल्यापासून विकला जाईपर्यंत ४० दिवस लागतात. विकल्यावर पैसे यायला ६० दिवस. तुमचा पुरवठादार मात्र ३० दिवसांत पैसे मागतो. ४० अधिक ६० वजा ३०, म्हणजे ७० दिवस तुम्ही स्वतःच्या खिशातून धंदा चालवता. रोजचा खर्च १,००० धरला तर ७०,००० कायम अडकलेले. यातला एक दिवस कमी केला की १,००० मोकळे झाले, कुणापुढे हात न पसरता.

याच हिशेबात दुसरी एक गोष्ट दडलेली आहे, ती मला फार उशिरा कळली. काम दुप्पट झालं तर अडकणारी रक्कमही दुप्पट होते, आणि जास्तीचे ७०,००० पहिली दमडी येण्याआधी घालावे लागतात. छापखाना बंद पडण्याच्या तीन महिने आधी वडिलांना त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम मिळालं होतं. आम्ही सगळे आनंदात होतो. त्याच कामाच्या कागदाने खेळतं भांडवल गिळलं. म्हणून मंदीत मोठं काम आलं की होकार देण्याआधी ते तेरा रकान्यांत बसवून बघा. बसत नसेल तर आगाऊ रक्कम मागा, नाहीतर ते काम दोन-तीन टप्प्यांत मागून घ्या.

हे फक्त छोट्यांचंच होतं असं नाही. १९४९ मध्ये जपानमध्ये महागाई आटोक्यात आणण्यासाठी पैसा आवळला गेला, तेव्हा टोयोटाच्या विकलेल्या गाड्यांचे हप्ते वसूल होईनात. १९५० मध्ये बँकांच्या गटाच्या कर्जावर कंपनी कशीबशी वाचली, संप झाला, मोठ्या संख्येने कामगार गेले आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी राजीनामा दिला. लागेल तेवढंच आणि लागेल तेव्हाच बनवायचं, या टोयोटाच्या पुढच्या शिस्तीमागे ही ठेचही आहे, असं मी मानते.

मालाच्या बाबतीत एक दिवस काढा आणि गोदामात पेन-वही घेऊन फिरा. प्रत्येक वस्तूवर ती शेवटची कधी हलली ते लिहून चिठ्ठी लावा. सहा महिने न हललेलं जे असेल ते मिळेल त्या भावात काढा. ‘घेतलं होतं तेवढ्याला तरी जावं’ हा हट्ट सोडा. घेतलेली किंमत गेली ती गेली, आता त्या जागेचं भाडं आणि अडकलेला पैसा वाचवायचा आहे.

वसुली

या विषयावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण चांगल्या कामाची माणसं इथेच बुडतात.

शिवणकामाचा कारखाना चालवणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या. अकरा मशिनं, एका मोठ्या संस्थेचे गणवेश शिवायच्या. चाळीस दिवस पैसे नव्हते. मी म्हटलं, फोन केलात का? तर म्हणाल्या, “ताई, मागायला लाज वाटते हो. वाईट दिसतं. पुढचं काम हातचं जायचं.” मी त्यांच्यासमोरच फोन लावायला सांगितला, खरेदी विभागाला नाही, तर थेट बिलं पास करणाऱ्या टेबलाला. पलीकडच्या माणसाने दोन मिनिटांत सांगितलं की बिलावर ऑर्डरचा नंबर नाही, म्हणून ते बाजूला ठेवलंय. कुणी अडवलं नव्हतं, कुणी बुडवणार नव्हतं. चाळीस दिवस ते बिल एका खणात पडून होतं. नंबर घालून दुसऱ्या दिवशी पाठवलं आणि त्या आठवड्यात पैसे जमा झाले.

तेव्हापासून माझ्या सगळ्या अशिलांकडे एकच पद्धत आहे. माल गेला त्याच दिवशी बिल जातं, महिनाअखेरीची वाट बघायची नाही. बिलावर ऑर्डरचा नंबर, माल उतरवून घेणाऱ्याची सही आणि पैसे देण्याची तारीख, ‘३० दिवस’ असं मोघम नाही. चार दिवसांनी पहिला फोन: “बिल मिळालं ना? काही राहिलं असेल तर आत्ताच सांगा, लगेच दुरुस्त करून देते.” हा फोन पैसे मागण्याचा नाहीच, त्यामुळे संकोच वाटायचं कारण नाही. मुदतीच्या तीन दिवस आधी दुसरा: “सोमवारी आपलं पेमेंट आहे, यादीत लागलंय ना?” मुदत उलटली की तिसऱ्या दिवशी तिसरा, आणि त्यात तारीख मागून घ्यायची. ‘बघतो’ हे उत्तर नाही, ‘गुरुवारी’ हे उत्तर आहे. प्रत्येक फोननंतर कुणाशी काय बोलणं झालं ते वहीत एका ओळीत लिहा. गुरुवारी पुन्हा फोन करताना ती ओळ वाचून दाखवली की समोरच्याचा सूर बदलतो.

जुनं येणं थकलेलं असताना त्याच गिऱ्हाइकाला नवा माल उधार देऊ नका. तोडून बोलायची गरज नाही. “मागचं मोकळं झालं की लगेच गाडी भरते” एवढं पुरे. नव्या गिऱ्हाइकाकडून कामाच्या सुरुवातीला किमान कच्च्या मालाचे पैसे घ्या. तेवढेही द्यायला जो तयार नाही, तो शेवटीही देताना त्रास देतो, असा माझा अनुभव आहे.

लवकर पैसे देणाऱ्याला सूट द्यायची का, हे बरेचजण विचारतात. ३० दिवसांचं बिल १० दिवसांत भरलं तर २ टक्के सूट, ही पद्धत जगभर चालते. दिसायला २ टक्के, पण २० दिवस आधी पैसे मिळवण्यासाठी तुम्ही वर्षाला सुमारे ३७ टक्के दराने व्याज देत असता. लाल गोल तोंडावर आला असेल तर दोन-तीन बिलांपुरती जरूर द्या. कायमची सवय लावून घेऊ नका.

भाव पाडण्याआधी हा हिशेब करा

विक्री मंदावली की शेजारचा भाव पाडतो आणि मग आपलेही हात शिवशिवतात. थांबा. १०० ला विकता त्या वस्तूचा माल-मजुरीचा खर्च ७० असेल तर हातात ३० राहतात. भाडं, पगार, हप्ते असा बांधील खर्च महिन्याला ६०,००० असेल तर २,००० नग विकले की तोंडमिळवणी होते. आता १० टक्के सूट द्या. हातात २० राहिले. तेच ६०,००० काढायला ३,००० नग विकायला हवेत. मंदीच्या बाजारात दीडपट विक्री कुठून आणणार?

उलट बाजूने बघा. भाव ५ टक्के वाढवला तर हातात ३५. मग सुमारे १,७१५ नगांत तोंडमिळवणी होते. म्हणजे सातातलं एक गिऱ्हाईक गेलं तरी तुम्ही होता तिथेच आहात. भाव वाढवाच असं मी म्हणत नाही. प्रत्येक धंद्यात ते जमत नाही. पण हा हिशेब कागदावर न मांडता भाव पाडणाऱ्यांनी नंतर माझ्यासमोर डोकं धरलेलं मी पाहिलंय, आणि एकदा उतरवलेला भाव परत चढवायला दोन-दोन वर्षं लागतात.

गिऱ्हाइकाचा हातच आखडला असेल तर किंमत न पाडता छोटा पर्याय द्या. माझा एक सुतार अशील संपूर्ण नवं फर्निचर घेणाऱ्यांच्या भरवशावर होता. ते थांबले तेव्हा त्याने जुन्यावर नवे दरवाजे आणि पॉलिश, एवढंच काम वेगळं काढलं. माल कमी, मजुरी जास्त, पैसे त्याच आठवड्यात. मंदीत लोक नवीन घ्यायचं टाळतात, पण असलेलं टिकवायला खर्च करतात. दुरुस्ती, देखभाल, सुटे भाग, यांतलं तुमच्या धंद्यात काय बसतं ते शोधा. आणि अंदाज बांधत बसण्यापेक्षा तुमच्या पहिल्या दहा गिऱ्हाइकांना भेटून विचारा की त्यांचं काय अडलंय. सूट द्यावीच लागली तर बदल्यात काहीतरी घ्या: रोख, मोठी ऑर्डर किंवा तुमच्या रिकाम्या दिवसांत काम करायची मुभा.

खर्चाबद्दल थोडक्यात. वापरात नसलेली जागा, वर्गण्या, जास्तीची गाडी, हे लगेच बंद करा. मालाचा दर्जा आणि गिऱ्हाइकाला वेळेवर दिलेला माल यांना हात लावू नका. माणसांच्या बाबतीत मात्र घाई करू नका. २००९ मध्ये जर्मनीत मागणी कोसळली तेव्हा चौदा लाखांहून जास्त कामगार ‘कुर्त्सआर्बाइट’ योजनेत होते, म्हणजे कामाचे तास कमी आणि बुडालेल्या पगाराचा बराचसा भाग सरकारी निधीतून. ऑर्डरी परतल्या तेव्हा हात सरावलेली माणसं जागेवर होती. तुमच्यामागे सरकार नसेल, तरी सगळ्यांना एकत्र बसवून तेरा रकान्यांचा कागद दाखवणं तुमच्या हातात आहे. एकाला काढण्याऐवजी सगळ्यांनी आठवड्याचा एक दिवस सोडायचा, असं माझ्या दोन अशिलांकडे कामगारांनीच सुचवलं. मालकाने मात्र आधी स्वतःची उचल कमी केलेली असायला हवी, आणि ती त्यांना दिसायला हवी.

बँक आणि पुरवठादार

हप्ता चुकल्यावर बँकेत जाऊ नका, चुकण्याच्या सहा आठवडे आधी जा. सोबत तो कागद न्या. “अडचण आहे, काहीतरी करा” असं म्हणणारे त्यांना रोज भेटतात. “नवव्या आठवड्यात इतके कमी पडतात, तेराव्यात हे येणं आहे, तोवर तीन महिने फक्त व्याज भरते” असं आकड्यांनिशी सांगणारे फार थोडे. पुरवठादाराशीही असंच बोला. पूर्ण देता येत नसेल तर ठरलेल्या दिवशी ठरलेला भाग द्या, पण तारीख पाळा. छोट्या रकमा वेळेवर देणाऱ्याचा माल सहसा अडत नाही.

यंत्रासारखी वर्षानुवर्षं चालणारी वस्तू ओव्हरड्राफ्टवर, म्हणजे खात्यात आहे त्यापेक्षा जास्त काढू देणाऱ्या बँकेच्या थोड्या मुदतीच्या सोयीवर, घेऊ नका आणि पगारासाठी लांब मुदतीचं कर्ज काढू नका. पैसा जितक्या काळात परत येणार, तितक्याच काळाचं कर्ज. घर तारण ठेवायची वेळ आली तर सही करण्याआधी घरातल्यांसमोर तोच कागद मांडा.

एकाच गिऱ्हाइकाकडून एकतृतीयांशाहून जास्त विक्री येत असेल तर बाकी सगळं ठीक असतानाही नवी गिऱ्हाइकं शोधायला लागा. आमच्याकडे हा आकडा अर्ध्याच्या वर होता. वाढीचा माझा सल्ला एवढाच आहे: जुन्या यंत्रांचे भाव पडलेले असतील, चांगले कारागीर मोकळे असतील, तर कागदावर लाल गोल नसलेल्यांनी ही संधी घ्यावी, पण आधी एक महिना, एका गिऱ्हाइकावर करून बघून.

थांबायची रेघ

हे लिहायला जड जातं, तरी लिहिते. मन शांत असताना एक आकडा ठरवून ठेवा: शिल्लक आणि खात्रीची येणी मिळून इतक्याखाली गेली की मी नवा उधार माल उचलणार नाही आणि धंदा आवरायला घेईन. हा आकडा तुमच्याखेरीज आणखी एका माणसाकडे लिहून ठेवा, जो तुम्हाला तोंडावर सांगू शकेल. त्या आकड्यात कामगारांचा शेवटचा पगार आणि देय कर आधीच धरलेला असू द्या. मग यंत्रं विकायला वेळ मिळतो, गिऱ्हाइकांची कामं दुसऱ्या कुणाकडे सोपवता येतात, पुरवठादारांना तोंड दाखवता येतं.

वडिलांनी असा आकडा कधी ठरवला नव्हता. कागद कापायचं मशीन त्यांनी एका दुपारी, पहिल्या आलेल्या माणसाला, तो म्हणेल त्या भावात दिलं, कारण संध्याकाळी पगार करायचे होते. दोन महिने आधी विकायला काढलं असतं तर चार जणांना बोलावून भाव करता आला असता. तेवढ्यात कागदवाल्याचे पैसेही भागले असते. मी नंतर त्यांच्याच वहीतून आकडे घेऊन तो हिशेब मांडून पाहिला आहे.